गोलकीपरचे डोळे

आमच्या हिंगोलीच्या कॉलेजची फुटबॉल टीम त्या वर्षी एकूण एक सामने हरली. इकडे फुटबॉल तसाही पोरका. कबड्डीत न घेतलेली पोरं आमच्याकडे यायची. आम्ही मैदानाला नावं ठेवायचो, पंचाला ठेवायचो. खरं कारण मी होतो, आणि ते फक्त मलाच माहीत आहे अशी माझी समजूत होती.

मी गोलकीपर. डोळ्यांना नंबर लागलेला. लांबचा चेंडू दिसायचाच नाही, एकदम पुढ्यात उभा राहायचा. पण पोलीस भरतीची तयारी चालू होती, आणि चष्मा म्हटला की भरती संपली, असं सगळे म्हणायचे. गावी, सेनगावकडं, वडील भेटेल त्याला ‘आमचं पोरगं पोलिसात चाललं’ म्हणून सांगत सुटलेले. म्हणून मी गप्प राहिलो.

माझ्यापुढं बचावाला कळमनुरीचा एक दोस्त खेळायचा. वडलांचं शिलाईचं दुकान, रोज एसटीनं ये-जा. त्याला एक खोड होती. चेंडू आला की मागं वळून ओरडायचा, “डाव्या हाताला! खाली, खाली!” तेवढ्यात समोरचा गडी त्याला चुकवून जायचा. सर वैतागायचे, “अरे चेंडूकडं बघ, कीपरकडं काय बघून राहिला?” चौथा सामना हरल्यावर त्यांनी त्याला टीममधून काढलं. चोर सोडून संन्याशाला फाशी. त्यानं जर्सी काढून घडी करून ठेवली. आणि मी, चोर, मान खाली घालून बुटाच्या नाड्या सोडत बसलो.

पुढच्या सामन्यात आम्ही नऊ गोल खाल्ले. मागं वळून ओरडून सांगणारं आता कुणी नव्हतं. तिसऱ्या गोलला माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी कळमनुरीला त्याच्या दुकानात गेलो. तो शर्टाची काजं करत बसला होता.

“तुला कळलं होतं?”

“व्हय. पयल्याच मॅचला.”

“मग सरांला काहून सांगितलं न्हाई?”

“तुझी भरती हाय ना,” तो म्हणाला आणि सुईत दोरा ओवायला लागला.

शेवटच्या सामन्याआधी मी सगळ्यांदेखत सरांना सांगून टाकलं. मग त्यांनी मला बाहेर बसवलं आणि त्याला परत बचावाला घेतलं. आम्ही दोन गोलनं हरलो.

सामना संपल्यावर त्यानं मला डेपोपाशी गाठलं. “काहून सांगितलं बे? आता घरी काय तोंड दाखवशील?” टीममधून काढलं तेव्हा चकार शब्द न काढलेला माणूस, त्या दिवशी भर रस्त्यात माझ्यावर ओरडत होता. मी म्हणालो, आज वडलांना सांगणार आहे. पण जीपकडं जायचं सोडून तिथंच घुटमळत राहिलो.

कळमनुरीची गाडी लागली होती. ती त्यानं जाऊ दिली आणि माझ्या आधी सेनगावच्या जीपमध्ये जाऊन बसला.