जुनेदचा हात

जुनेद शेख खोटं बोलत नाही, हे नारायण पेठेत सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणालाच फारसं सोयीचं नव्हतं. त्याच्या वडिलांचं, दादामियाँचं, गाद्या भरून देण्याचं दुकान. गिऱ्हाईक विचारायचं, "कापूस नवा आहे ना?" दादामियाँनी हो म्हणायच्या आत हा मागून सांगायचा, "वरचा नवा, आतला जुना." यापायी त्याने पाठीत धपाटे किती खाल्ले, त्याला गणती नाही.

कबड्डीत मात्र हा दुर्गुण माझ्या फार कामी आला. मी पेठेतल्या सामन्यांचा पंच. विमा कचेरीतून निवृत्त झालो, त्याआधीच माझे डोळे निवृत्त झाले होते. आमच्या मंडळाचा जुना रिवाज असा, की चढाईवाल्याचा स्पर्श झाला की बचाव करणाऱ्याने आपणहून हात वर करायचा आणि मैदानाबाहेर जायचं. पंचाने पाहिलेलं असो वा नसो. बाकीची पोरं पंच बघत असला तरच हा रिवाज पाळायची. जुनेद खेळायचा डाव्या कोपऱ्यात. निम्म्या चढाया तिथेच येऊन आदळतात, आणि तिथलं मला काही म्हणजे काही दिसायचं नाही. मी सरळ जुनेदच्या हाताकडे बघून निकाल द्यायचो.

लोणी काळभोरच्या संघाविरुद्धचा अंतिम सामना आम्ही त्याच हातापायी घालवला. शेवटची चढाई, मला स्पर्श दिसला नव्हता, लोणीवाल्यांनी मागितलाही नव्हता. जुनेदने हात वर केला. त्यांचा कप्तान धोंडिबा मला बाजूला घेऊन म्हणाला, "पोरगं सोन्यावाणी हाय, पर तुमच्या काय कामाचं न्हाय." मंडळाच्या पोरांनी आठवडाभर त्याच्याशी अबोला धरला. त्यातला एकटा अवधूत बोलत राहिला. साखळीत जुनेदचा हात धरून उभा राहायचा तो अवधूतच.

पुढे कर्वेनगरच्या एका कॉलेजात व्यावसायिक संघासाठी निवड चाचणी लागली. जुनेद बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होता. दादामियाँनी निक्षून सांगितलं होतं, "निवडला गेलास तर खेळ. नाहीतर परीक्षा झाली की दुकानात बस." मला पंच म्हणून बोलावलं होतं. मानधन नव्हतं, म्हणूनच बोलावलं असणार.

खेळाडू पारखायला श्यामसुंदर धारप आले होते. त्यांनी पोरांना रांगेत उभं केलं, पोटऱ्या दाबून पाहिल्या, हात आडवे पसरायला लावले, उकिडवं बसवलं. बैलबाजारात दातही बघतात, इथे तेवढंच राहिलं होतं. एका पोराला म्हणाले, "बाळ, कॅरम बरा असतो. बसून खेळता येतो." पोरगं हसलं, मग रडलं.

सामना सुरू झाला. जुनेद आणि अवधूत समोरासमोरच्या संघांत आले. पहिल्याच चढाईत जुनेदने एकाचा घोटा असा पकडला, की तो जागचा हलला नाही. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. पुढच्या चढाईवाल्याची बोटं त्याच्या खांद्याला निसटती लागली. मला दिसलं नाही. जुनेदने हात वर केला.

धारपांनी खेळ थांबवला. "काय रे, पंचाचं काम तू का करतोस? ते आहेत ना तिथे, कमी दिसत असलं तरी? आपण इथे गुण घ्यायला आलोय. दानधर्म करायचा तर ओंकारेश्वराच्या पायरीवर जाऊन बस." सगळे हसले. जुनेद हसला नाही. त्याने मान डोलावली, आणि तेव्हाच मला धडकी भरली.

उत्तरार्धात अवधूतची चढाई आली. त्याच्या संघाच्या आधीच्या दोन चढाया रिकाम्या गेल्या होत्या. तिसरी रिकामी गेली की चढाईवालाच बाद होतो. अवधूत डाव्या कोपऱ्यात घुसला, वळला आणि मध्यरेषा ओलांडून हात उंचावत नाचायला लागला. मला दिसली होती फक्त त्याची पाठ. मी सवयीने जुनेदकडे पाहिलं.

हात खाली होता.

अवधूत थांबला. "जुन्या, लागला ना रे?"

"नाही," जुनेद म्हणाला.

आख्ख्या हॉलमध्ये कुणाला शंका आली नाही. जुनेद नाही म्हणतो म्हणजे नाही. मी अवधूतला बाद दिलं. तोही न भांडता बाहेर गेला. त्यानंतर जुनेदच्या हातून दोन सोप्या पकडी निसटल्या.

चाचणी संपल्यावर मी धारपांना गाठलं. जुनेदचं काय, विचारलं.

"तो कोपरावाला? हात आखूड आहेत हो. रांगेतच नापास केला होता."

"मग त्याला हात खाली ठेवायला शिकवलंत कशाला?"

"शिकवलं कुठे? कंटाळा आला होता. सकाळपासून घामाचा वास घेत बसलोय." ते बूट घालू लागले. "तो चढाईचा पोरगा होता ना, अवधूत, त्याच्यावर डोळा होता माझा. पण ऐन वेळी रिकाम्या हाताने परत आला. असले आम्हाला नकोत."

बाहेर जुनेद माझ्या स्कूटरपाशी उभा होता. "काका, काय म्हणाले?"

मी सगळं सांगितलं. आखूड हात, रांग, कंटाळा, अवधूत. एक शब्द गाळला नाही. गाळता आला असता, पण मला राग आला होता, आणि तो धारपांचा नव्हता.

"मला लागला होता," जुनेद म्हणाला.

"कळलं मला."

"अवधूतला सांगू?"

"सांग की. तुला सवय आहे."

त्याने त्याच संध्याकाळी सांगितलं. अवधूतने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून साखळीत जागा बदलून घेतली. आठवड्याभरात पेठेलाही कळलं.

जुनेद आता दुकानात बसतो. कापूस कसा आहे, हे गिऱ्हाईक त्याला विचारत नाही. टाका उसवून स्वतः बघतं. रविवारी तो अजून खेळायला येतो. गेल्या रविवारी डाव्या कोपऱ्यात काहीतरी झटापट झाली आणि त्याने हात वर केला. हल्ली मी रेषेवर दोन पंच ठेवले आहेत, त्यातल्या एकाला विचारलं. तो दुसऱ्याशी बोलला, मग दोघांनी होकाराची मान डोलावली, मग मी शिट्टी वाजवली. तोवर जुनेद हात वर धरून उभा होता.