गोजराबाईंनी दुरुस्त केलेला प्रबंध

महानंदा गेल्याचं तिच्या भाचीनं फोनवर सांगितलं, तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "अगं, मला न विचारता?" पन्नासहून जास्त वर्षांच्या मैत्रीत तिनं मला न विचारता एकही गोष्ट केली नव्हती. आधी विचारायची, मग मी सांगेन त्याच्या नेमकं उलट करायची. भाचीला हसू फुटलं आणि मग आम्ही दोघी रडलो... त्याला आता पाच आठवडे झाले. रडून झालंय. आता तिच्या विजयाबद्दल लिहायचंय, कारण तिनं स्वतः तो कधी धड सांगितला नाही.

एकाहत्तरचं युद्ध संपलं तेव्हा आम्ही सोलापुरातल्या एकाच कॉलेजात शिकवत होतो. मी मराठी, ती समाजशास्त्र. युद्धानं सैनिकांच्या बायकांचं काय केलं, यावर तिला पीएच.डी. करायची होती. मी म्हटलं, "साखर कारखान्यावर कर, लवकर उरकेल." तिनं अर्थातच ऐकलं नाही. छापील प्रश्नावली घेतली, एका सरकारी कचेरीची जीप मिळवली आणि मला शेजारी बसवून माढा तालुक्यातल्या एका गावी निघाली. जीप गोजराबाईंच्या दारात थांबली. गोजराबाई तेव्हा तेवीस-चोवीसच्या, नवरा अजून सीमेवर. आम्ही खाली उतरायच्या आत सासूनं सरकारी जीप पाहिली, हंबरडा फोडला आणि सुनेचे दोन्ही हात उंबऱ्यावर आपटून बांगड्या फोडल्या. नवरा जिवंत होता, चांगला ठणठणीत होता! "सरकारी गाडी दारात आली म्हंजे दुसरं काय आसणार, बाई?" सासू नंतर आम्हालाच विचारत होती. गोजराबाईंच्या मनगटातून रक्त येत होतं, पण डोळ्यांत पाणी नव्हतं. महानंदानं आपल्या पदरानं ते रक्त पुसलं. प्रश्नावलीच्या गठ्ठ्याची दोरी तिनं त्या दिवशी सोडलीच नाही.

जीप तिनं त्या दिवसापासून बंद केली. एसटीनं टेंभुर्णीपर्यंत जायची, पुढं मिळेल ते वाहन, नाहीतर पायी. बाईला काही विचारलं की घरातला कुणीतरी पुरुष पुढं येऊन उत्तर द्यायचा. पण बायका बियाण्यासाठी भुईमुगाच्या शेंगा फोडायला बसल्या की तिकडं कुणी फिरकायचं नाही. महानंदा त्यांच्यात बसून शेंगा फोडू लागली. अंगठे सुजायचे. हात गुंतलेले, त्यामुळं लिहिता येत नसे. ऐकलेलं सगळं डोक्यात ठेवून ती स्टँडवर येऊन वहीत उतरवायची. पुढच्या खेपेला ज्या बाईचं बोलणं असेल तिलाच ते वाचून दाखवायची. बायका खुशाल चुका काढायच्या. गोजराबाई एकदा म्हणाल्या, "मी भ्याले आसं लिवू नगा. मला राग आला हुता. राग लिवा." महानंदानं भीती खोडून राग लिहिला.

मार्गदर्शकांनी प्रबंध परत केला. "तक्ते कुठं आहेत? या तर बायकांच्या गप्पा!" महानंदा तडक माझ्या घरी आली. ती रागावली की आपल्या घरच्या कन्नडवर यायची. त्या संध्याकाळी तीन कप चहा होईपर्यंत मराठीचा एक शब्द नव्हता. मग हळूच म्हणाली, "पदवीचं जाऊ दे गं. मी हरले तर त्या बायकांनी सांगितलेलं सगळं रद्दीत जाईल, सुलभा..." तिला घाबरलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून तिनं बायकांनी केलेल्या दुरुस्त्यांवर नवं प्रकरण लिहायला घेतलं आणि प्रबंध पुन्हा सादर केला.

मौखिक परीक्षा खुली होती. सकाळच्या एसटीनं गोजराबाई आणि आणखी चौघी आल्या, शेवटच्या रांगेत बसल्या. बाहेरून आलेले परीक्षक सौम्यपणे म्हणाले, "युद्धावर पुरुष गेले. या बायका तर घरीच होत्या. मग यांच्यावर आघात कसला?" महानंदा बोलणार तोच मागून आवाज आला, "लढाई हितं बी झाली की, सायेब." गोजराबाई उभ्या होत्या, मनगटावरचा वण पुढं धरून. "बाईंनी लिवलंय ते आमी ऐकलंय. चुकलं हुतं तितं बदलून घेतलंय. आता त्यात चूक न्हाय." परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला आणि पाचही जणींना पुढच्या रांगेत येऊन बसायला सांगितलं. पुढं तासभर प्रश्न झाले, पण त्यांचा सूर बदलला होता. प्रबंध मान्य झाला! मी जोरात टाळ्या वाजवल्या. अशा परीक्षेत टाळ्या वाजवायच्या नसतात, हे मला नंतर प्राचार्यांनी सांगितलं. मला आजही त्याची लाज वाटत नाही.

गेल्या आठवड्यात गोजराबाई नातीला घेऊन महानंदाच्या खोलीवर आल्या. कॉटवर बसल्या आणि प्रबंधातली आपली पानं नातीला वाचायला लावली. डोळे मिटून "व्हय... व्हय..." करत ऐकत होत्या. शेवटी हात वर केला.

"हितं येक ऱ्हायलंय. जीप आली त्या दिसापासनं मला झोप न्हवती. शेंगा फोडताना बाईंना समदं सांगितलं, त्या राती लई झोपले. बाईंनी त्ये कदी इचारलं न्हाय, मी बी सांगितलं न्हाय. लिवा."

मी महानंदाच्या खुर्चीत बसले आणि समासात लिहिलं. मग त्यांना वाचून दाखवलं.

"बराबर हाय," त्या म्हणाल्या.