चिंध्यांचं पोतं

शिंपीदादांनी हौसेने परसात दोन कोंबड्या पाळल्या, पण महिने लोटले तरी अंड्याचा पत्ता नाही. त्यातली करडी तर रोज सकाळी दुकानात घुसायची आणि मशीनमागच्या चिंध्यांच्या पोत्यावर बसकण मारायची. दादा कात्री खणखणवून तिला हाकलायचे. शेवटी त्यांचं डोकं फिरलं. बायको नको नको म्हणत असताना त्यांनी करडीला खाटकाकडे नेलं, आणि रविवारी मिटक्या मारत जेवले. वर म्हणाले, "एवढ्या कामाला तरी आली!"

आज उशी भरायला त्यांनी पोत्यात हात घातला, तर बोटांना काहीतरी गार, गुळगुळीत लागलं. चिंध्यांच्या खळग्यात लहान लहान अंडी होती.

बायकोने पाहिलं आणि ती सरळ आत निघून गेली. चार शिव्या घातल्या असत्या तर दादांना बरं वाटलं असतं.

तेवढ्यात उरलेली पांढरी दारातून डोकावली. सवयीने दादांचा हात कात्रीवर गेला आणि ती बिचकून मागे सरली. दादांनी घाईघाईने कात्री खणात टाकली, पोतं पार उंबऱ्यापर्यंत ओढत नेलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "ये गं, बस."

ती काही आली नाही.