देवजीच्या मानेवरची शीर

माझं तोंड आयुष्यात कधी बंद राहिलेलं नाही, तरी ही एक गोष्ट त्यातून बाहेर पडलेली नाही. बायकोलाही ठाऊक नाही. तुला सांगतो.

मी कसा बोलतो, तुला माहीतच आहे. मोखाड्याच्या बिबट्याचा रक्तदाब मी तपासलाय — तोही रांगेत बसवून! सूर्यमाळच्या दवाखान्यात डॉक्टर होतो तेव्हा असल्या थापांवर मी तिथले पाडे जिंकले. सांगायचो, "मंत्र घालणाऱ्या भगताकडं कशाला जाता? सरळ माझ्याकडं आणा. यमाला मी दारात चपला काढायला लावतो!" बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. त्यांत पाड्यावरच्या देवजीची बायको मंजुळा होती. तिनं ते खरं धरलं.

आता मी जव्हारला नर्सना शॉक शिकवतो. रक्तदाब पडला, हातपाय गार — पण शॉक कुठला? जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी संपलं असेल, तर मानेच्या शिरा सपाट, छाती स्वच्छ, सलाईन सोडा. जंतूंचं विष रक्तात भिनलं, तर सुरुवातीला हात गरमही लागतात. आणि हृदयच थकलं असेल, तर मानेवरची शीर फुगलेली, छातीत बुडबुडे — तिथं सलाईन म्हणजे बुडणाऱ्याच्या तोंडात ओतलेलं पाणी. मग देवजीची गोष्ट रंगवतो. विंचू चावला, भगतानं वेळ घालवला, माझ्यापर्यंत आला तोवर उशीर झाला होता. सगळ्या माना डोलतात. एकजण — एकजण तरी विचारेल, की कुठला भगत? नाही! पाड्यावरचा माणूस मेला म्हणजे भगताकडंच बसला असणार, हे आपल्याला किती झटकन पटतं! संताप येतो मला त्या मानांचा. आणि त्या डोलायला लावणाऱ्याचा, म्हणजे माझा? त्याचं काय करू?

भगत नव्हताच.

भाताची झोडणी चालली होती. पेंढा उचलताना देवजीला लाल विंचू डसला. मंजुळेनं त्याला जीपमध्ये घातलं आणि भर दुपारी थेट माझ्या दवाखान्यात आणलं. घामानं चिंब, उलट्या, हात गारठलेले.

"डाक्टर, इंचू चावला," ती म्हणाली. "भगताकडं नाय नेला. तुमी सांगलं तसा सरळ आनला."

बाहेर रांग होती — माझे श्रोते! मी मोठ्यानं म्हणालो, "अगं, याला चावून तो इंचूच मेला असेल!" रांग खदखदली.

उलट्या, घाम, गार हात — म्हणजे पाणी गेलं. ठरवून टाकलं. मानेकडं पाहिलं नाही. छातीला नळी लावली नाही. ती माझ्याच गळ्यात लटकत होती. सलाईन धो धो सोडलं. एक बाटली संपली, दुसरी लावली. तो उठून बसायला धडपडत होता. मी खांदे दाबून त्याला आडवा केला — "पडून राहा रे!" मग खोकला आला. ओठांवर गुलाबी फेस. तेव्हा कुठं मानेकडं पाहिलं. शीर जबड्यापर्यंत तटतटलेली. विषानं हृदय थकवलं होतं आणि मी वरून पाणी ओतत होतो. विंचवावरची गोळी माझ्या पाठीमागच्या कपाटात होती.

सलाईन तोडलं, ऑक्सिजन लावला, ॲम्ब्युलन्स जव्हारला पिटाळली. घाटातच गेला.

त्याचा भाऊ भिवंडीहून कामावरून धावत दवाखान्यात आला. "काय झाला त्याला, डाक्टर?" मंजुळा तिथंच उभी होती. आणि माझी ही जीभ, कधी न अडखळणारी — तीच बोलून गेली, "वाटेत भगताकडं थांबलात ना. तिथं वेळ गेला."

भावानं मंजुळेकडं पाहिलं.

"नाय थांबलो," ती म्हणाली. एकदाच.

मी हात धुवायला वळलो. डॉक्टर कशाला खोटं बोलेल? खरं सांगू शकणारा जीपवाला केव्हाच पुढच्या फेरीला गेला होता. दिरानं तिला घरात ठेवलं नाही. नवऱ्याला भगतापाशी बसवून मारला, असं अख्खा पाडा म्हणतो. ती साखरशेतला माहेरी राहते. आणि मी? मी भगताची गोष्ट सांगत फिरतो. दर खेपेला त्याच्या हातातलं मोरपीस आणखी लांब होतं.

परवा ती जव्हारला माझ्याकडं आली. लेकीचं पोर कडेवर, तापानं फणफणलेलं. मी काही विचारायच्या आधीच माझ्याकडं न बघता म्हणाली,

"भगताकडं नाय गेलो. सरळ आनलाय."

मी नळी कानात घातली आणि पोराच्या छातीला लावली.