सत्ता गॅलरीत बसते

मुलांनो, कुठलंही राज्य खरं कोण चालवतं हे चहाचे कप बघून सांगू शकणारी एकच व्यक्ती मला आयुष्यात भेटली: घाटकोपरच्या आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या बाई. कॉलेजात मानववंशशास्त्र शिकवायच्या. त्यांचे सहकारी सत्तेचा अभ्यास करायला दूरच्या पाड्यांवर जात. बाई वही घेऊन आमच्या सोसायटीच्या मीटिंगला येत, मागच्या खुर्चीत बसत. चहा आधी कोणाला मिळाला, कोणाच्या विनोदाला कोण हसलं, सगळं टिपत. गणपतीच्या आरतीला सगळे डोळे मिटून उभे, आणि बाईंचे डोळे टक्क उघडे, कारण तबक कोणाकडून कोणाकडे जातंय हे त्यांना बघायचं असे. एकदा सेक्रेटरी वैतागून म्हणाले, "बाई, तुम्ही सीआयडीत आहात का?" बाईंनी तेही लिहून घेतलं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. तुमचे आजोबा गेल्यावर मी घरी इंग्रजीच्या शिकवण्या सुरू केल्या. जिन्यात चपलांचा ढीग होतो म्हणून कमिटीने त्या बंद करायचं ठरवलं. रविवारी ठराव येणार होता. शिकवण्या गेल्या असत्या तर तुमच्या आईचं कॉलेजही सुटलं असतं. मी नीटनेटका इंग्रजी अर्ज लिहिला, कार्बन प्रतींसह.

बाईंनी तो वाचला. "इंग्रजी झकास आहे गं तुझं. पण देणार कोणाला?"

"चेअरमनना."

"ते ठरवतात असं तुला कोणी सांगितलं?"

त्यांनी वही उघडली. मीटिंग खाली आवारात भरे. प्रत्येक ठरावाआधी चेअरमन चष्मा पुसत आणि हळूच पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीकडे बघत. तिथे त्यांच्या आई भाजी निवडत बसलेल्या असत. त्यांनी नवी जुडी पुढे ओढली की ठराव पास. हात झटकले की बारगळला. बाईंच्या वहीत हे एकदाही चुकलं नव्हतं.

मग मी चार दुपारी त्या आजींबरोबर मेथी निवडली. शिकवण्यांचा विषय काढायचा नाही, अशी बाईंची सक्त ताकीद होती. चौथ्या दिवशी आजींनीच विचारलं, "तुझ्याकडे ती पोरां कित्याक येतत गो?"

"शिकायला."

"मगे शिकांदेत. चपला घरात काढूक सांग."

रविवारी चेअरमननी चष्मा पुसला, वर पाहिलं आणि म्हणाले, "चपला आत ठेवल्या तर आमची हरकत नाही." मी आभार मानायला गेले, तर बाई कुरकुरल्या, "आभार कसले? माझा अभ्यास बिघडवलास. आता तुलाही वहीत घ्यावं लागणार."

तुमची आई शिकली, म्हणून तर तुम्ही आज इतक्या लांब आहात.

बाई जाऊन बरीच वर्षं झाली. हल्ली मीटिंगच्या दिवशी मी माझ्या गॅलरीत मेथी निवडत बसते. आताचा चेअरमन माझाच जुना विद्यार्थी. ठरावाआधी तो वर बघतो. मी मात्र मागच्या खुर्च्यांकडे बघत असते, वही घेऊन कोणी बसलंय का म्हणून.