साहेबाच्या फोटोतली बाई

मिशनच्या गोऱ्या साहेबानं स्वतःच्या अंगठ्यानं माझ्या कपाळावर कुंकू फासलं. नासर्डी नदीच्या काठी, भर सकाळी, वस्तीतल्या बायका बघत असताना. मी विधवा. मिशनात बायबलबाई म्हणून कामाला. जन्मापासून ख्रिस्ती. नवरा असतानासुद्धा कधी कुंकू लावलं नव्हतं, आणि हा परका पुरुष माझं डोकं धरून कपाळ रंगवत होता. मेल्याला लाज कशी ती नाही.

पुढ्यात शेंदूर फासलेला धोंडा मांडला होता. मला फाटकं लुगडं नेसवलं होतं. चपला काढायला लावल्या.

"हात जोड. दुःखी तोंड कर," साहेब म्हणाला.

कशासाठी, तर अमेरिकेला धाडायच्या फोटोसाठी. तेव्हा नाशकात दोन मिशनं एकमेकांच्या उरावर बसली होती. दोघांकडेही हात वर करून प्रार्थना, दोघांकडेही पवित्र आत्म्याच्या नावानं लोळण. भांडण बाप्तिस्म्याचं. आमचे म्हणायचे, पिता, पुत्र आणि आत्मा अशा तिघांच्या नावानं द्यायचा. ते म्हणायचे, एकट्या येशूच्या. पण खरी चुरस अमेरिकेतल्या मंडळ्यांना, म्हणजे तिथल्या चर्चच्या लोकांना, आपल्याकडं ओढायची. दुसऱ्या मिशननं बाप्तिस्मा घेणाऱ्या बायकांचा फोटो धाडला होता. आमच्या साहेबाला आता अंधारात चाचपडणारी अडाणी बाई धाडायची होती, म्हणजे तिकडून आणखी पाद्री येतील. ती बाई मी.

मी म्हणाले, "साहेब, हा फोटो खोटा हाय. माझ्या आईनं तुमच्याच मिशनात बाप्तिस्मा घेतलाय. तुमचं शास्त्र गावोगाव मीच वाचून दाखवते."

साहेब कॅमेऱ्यावरच्या काळ्या कापडात डोकं घालून होता. उत्तर शेजारी उभ्या असलेल्या आमच्या देशी पाळकांनी दिलं. मूळचे वरच्या जातीचे. आजा ख्रिस्ती झालेला, तरी ताट अजून आमच्यापासून लांब मांडून घेणारे.

"बाई, उगाच हट्ट नको," ते म्हणाले. "तुम्हाला तसं फारसं सोंग घ्यावं लागत नाही."

अंगाची लाही लाही झाली. माझी मावशी आजही कुंकू लावते, असल्याच धोंड्याला हात जोडते. तिच्याइतकी सरळ बाई मी पाहिली नाही. तिची नक्कल करून साहेबाला आमचा अंधार दाखवायचा? आणि इतकी वर्षं एका प्रार्थनेत बसून ह्या पाळकाला माझ्या तोंडावर नुसती जात दिसावी?

साहेब "तयार" म्हणाला, तशी मी गर्रकन वळले. फोटोत माझी पाठ आली. मग नदीत उतरून कपाळ खसाखसा धुतलं, चपला घातल्या आणि घर गाठलं. संध्याकाळपर्यंत नोकरी गेली.

तिसऱ्या दिवशी दुसऱ्या मिशनचा साहेब दारात हजर. लय गोड बोलला.

"तुमच्यावर झालेला अन्याय लिहून द्या. आम्ही अमेरिकेला पाठवू. आणि आमच्याकडं पुन्हा बाप्तिस्मा घ्या. पहिला खरा नव्हता."

"माझी आई तोच बाप्तिस्मा घेऊन मेली," मी म्हणाले. "मग ती कुठं गेली?"

त्यानं खाली बघितलं. "नरकात. शास्त्र तसंच सांगतं."

"चालते व्हा," मी म्हणाले. "माझ्या आईला नरकात घालणारा माणूस माझ्या दारात नको."

तो गेला. मी तिथंच उभी राहून ठरवलं. येशू मला आईकडून मिळाला, कुठल्या साहेबाकडून नाही. आता प्रार्थना माझ्या घरात होईल. मावशी कुंकू लावून माझ्या शेजारी बसेल. पोरींना अक्षरं मी शिकवीन. ह्याच्यापुढं आमच्या बायकांची तोंडं विकायला ह्या वस्तीत जो कुणी पाय ठेवील, साहेब असो नाहीतर पाळक, त्याला आडवी मी येईन.