कारल्याच्या रसाची बातमी

अंगण झाडून झालं होतं, पाणी भरून झालं होतं आणि मी मिक्सरमधून कारल्याचा रस काढत होते. आमचे हे ओट्याजवळ येऊन म्हणाले, "आधी घोटभर बिनसाखरेचा चहा दे की गं. ते लई कडू हाय."

"नाय. अनशापोटीच घ्यायचं. साखर उतरते, पेपरात सिद्ध झालंय."

तो पेपर यांनीच क्रांती चौकातून आणला होता. डोळे मिटून त्यांनी पेला संपवला. देवाघरी जाईपर्यंत रोज तसाच संपवला.

मैत्रिणींनो, काल संध्याकाळी शेजारच्या शांताबाई मोबाईल घेऊन आल्या. त्यावर तशीच बातमी होती. "वहिनी, भाऊजींना तुम्ही द्यायच्या ना? आमच्या मालकांना पण चालू करते."

यांच्या वेळी मी पेपरातला फक्त मथळा वाचला होता. काल चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. हजारो माणसं तपासली होती. एवढ्या माणसांत बारीकसा फरकही पक्का दिसून येतो. साखर उतरली होती, पण इतकी थोडी, की तेवढ्यानं डॉक्टर एक गोळीही कमी करणार नाहीत.

"म्हंजे खोटं हाय व्हय?" शांताबाईंनी विचारलं.

"खरं हाय. पण इतकुसं."

त्या गेल्यावर मनात आलं, एवढ्याशासाठी मी यांना सकाळच्या पहिल्या चहासाठी तरसवलं. 'फरक पडतो' असं वाचल्यावर 'किती?' हे तुम्ही विचारता का? मी विचारलं नव्हतं.

आज सकाळी मी शांताबाईंच्या घरी गेले आणि त्यांच्या मालकांना ती बातमी पूर्ण वाचून दाखवली.